एक्मो : हृदय-फुफ्फुसांना मिळणारी मुदत

बीड, गेवराई, माजलगाव किंवा आष्टी-कडा भागातील एखादा रुग्ण छत्रपती संभाजीनगर वा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात अत्यवस्थ होतो, व्हेंटिलेटरही अपुरा पडू लागतो, तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या नातलगांसमोर डॉक्टर एक अपरिचित शब्द उच्चारतात : एक्मो. खर्च लाखांत, हमी कशाचीच नाही आणि निर्णयासाठी हाताशी वेळ जेमतेम तासाभराचा. अशा घडीला घरातील कर्त्या माणसाला दोनच प्रश्न सुचतात : माणूस वाचेल का, आणि पैसे किती लागतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या आधीचा एक प्रश्न बहुधा राहून जातो. हे यंत्र रुग्णाच्या हृदयाचे आणि फुफ्फुसांचे नेमके काय करते?

याचे उत्तर व्यापारी कुटुंबांना चटकन उमगेल असे आहे. एक्मो कोणताही आजार बरा करीत नाही. ते कर्ज फेडत नाही, फेडीची मुदत तेवढी वाढवून देते. त्या मुदतीत आजार ओसरला, औषधांना यश आले, तर हृदय-फुफ्फुसे पुन्हा आपला कारभार हाती घेतात. शिवाय ही मुदत फुकट मिळत नाही. तिच्यावर व्याज चढते आणि ते रुग्णाच्या शरीराला भरावे लागते.

शरीराबाहेरचे फुफ्फुस

निरोगी, प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. हे सारे रक्त फुफ्फुसांतून जाते. तेथील कोट्यवधी वायुकोश उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, इतका त्यांचा विस्तार असतो. एवढ्या विस्तृत पृष्ठभागावर रक्त प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते.

एक्मोमध्ये मांडीतील वा मानेतील मोठ्या शिरेत जाड नळी घालून रक्त शरीराबाहेर आणले जाते. एक पंप ते ऑक्सिजनेटर नावाच्या डब्यातून ढकलतो. या डब्यात हजारो बारीक पोकळ तंतू असतात. तंतूंच्या आतून प्राणवायू वाहतो, बाहेरून रक्त, आणि पातळ पडद्यातून वायूंची देवघेव होते. या कृत्रिम फुफ्फुसाचा पृष्ठभाग असतो अवघा २ चौरस मीटरच्या आसपास. रक्त योग्य तापमानाला आणून शरीरात परत सोडले जाते. रुग्णाच्या खाटेशेजारी दोन नळ्या दिसतात : एकीत काळपट रक्त, दुसरीत लालभडक. यंत्राचे काम चालू असल्याची ती डोळ्यांना दिसणारी खूण होय.

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत वापरले जाणारे हार्ट-लंग मशीन हे एक्मोचे थोरले भावंड. आष्टी-पाटोद्याकडील अनेक कुटुंबांना हृदयशस्त्रक्रियेसाठी अहिल्यानगरचे आनंदऋषीजी हॉस्पिटल परिचित आहे. अशा शस्त्रक्रियागृहांत गरजेनुसार काही तास हृदय थांबवून ते यंत्र चालविले जाते. एक्मोत हृदय थांबविलेले नसते आणि यंत्र काही तास नव्हे, तर दिवस, प्रसंगी आठवडे चालते.

हा पल्ला गाठायला दोन दशके लागली. डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात हार्ट-लंग मशीनवर पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. मात्र त्या काळच्या यंत्रांत रक्ताचा हवेशी थेट संपर्क येई आणि काही तासांतच रक्तपेशी फुटू लागत. रक्त व वायू यांच्यामध्ये पडदा आल्यावर ही अडचण दूर झाली. १९७१ साली कॅलिफोर्नियात डॉ. डोनाल्ड हिल यांनी अपघातात जखमी झालेल्या तरुणाला तीन दिवसांहून अधिक काळ अशा यंत्रावर ठेवून वाचविले. १९७५ साली तेथेच डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी श्वास घेऊ न शकणाऱ्या एका नवजात मुलीला एक्मोवर जगविले. परिचारिकांनी तिचे नाव ठेवले एस्पेरांझा, म्हणजे आशा.

फुफ्फुसांना विश्रांती

एक्मोचे मुख्य प्रकार दोन आणि त्यांचे परिणाम अगदी भिन्न. पहिल्या प्रकारात रक्त शिरेतून काढून शिरेतच परत सोडतात. न्यूमोनिया, स्वाइन फ्लू, कोविड अशा आजारांत फुफ्फुसे निकामी झाली, पण हृदय सक्षम असले, तर हा प्रकार योजतात. रक्त प्राणवायू घेऊनच हृदयात येते. ते पुढे शरीरभर पोहोचविण्याचे काम रुग्णाचे स्वतःचे हृदयच करते.

येथे खरा लाभ प्राणवायूपेक्षाही विश्रांतीचा असतो. व्हेंटिलेटर हवा दाबाने आत ढकलतो. फुफ्फुस सुजून ताठर झाले असेल, तर दाब वाढवावा लागतो आणि आजारातून वाचलेला थोडासा निरोगी भागही त्या दाबाखाली फाटतो, सुजतो. जीव वाचविणारा श्वासच इजा करू लागतो. एक्मो सुरू झाले की प्राणवायू देणे व कार्बन डायऑक्साइड काढणे हे काम यंत्राकडे जाते. व्हेंटिलेटरचा दाब, वेग आणि प्राणवायूचे प्रमाण उतरविता येते. काही काळ फुफ्फुस जवळजवळ हलतही नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून स्थिर ठेवतात, त्यासारखेच हे. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवरील ताण उतरल्याने हृदयाच्या उजव्या बाजूचा भारही हलका होतो.

मात्र यंत्र लावल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत क्ष-किरण चित्र अधिक पांढरे, म्हणजे वरकरणी अधिक वाईट दिसू शकते. रक्ताचा प्लास्टिकशी संपर्क आल्याने शरीरात दाह वाढतो आणि हवेचा दाब कमी केल्याने वायुकोश मिटतात, ही त्याची कारणे. नातलगांनी केवळ त्या चित्रावरून धीर सोडू नये.

हृदयाला आधार आणि हृदयावर भार

दुसऱ्या प्रकारात रक्त शिरेतून काढून धमनीत सोडतात. तीव्र हृदयविकाराचा झटका, हृदयाच्या स्नायूचा दाह किंवा विषबाधा यांनी हृदयच थकले, तर हा प्रकार वापरतात. येथे यंत्र हृदय व फुफ्फुस या दोहोंचे काम करते. मेंदू, मूत्रपिंडे, यकृत यांना रक्त मिळू लागते आणि हृदयात येणाऱ्या रक्ताचा ओघ घटतो.

परंतु या आधारात एक विरोध दडलेला आहे. नळी बहुधा मांडीच्या धमनीत असते, म्हणून यंत्राचे रक्त महाधमनीत खालून वर, म्हणजे नैसर्गिक प्रवाहाच्या उलट दिशेने चढते. हृदयाच्या डाव्या कप्प्याला आपले रक्त या उलट्या लोंढ्याविरुद्ध बाहेर ढकलावे लागते. आधीच दुबळे झालेले हृदय कधीकधी ते करू शकत नाही. मग महाधमनीची झडप उघडत नाही, डावा कप्पा फुगतो, आत साचलेल्या रक्ताची गुठळी होण्याचा धोका संभवतो आणि मागे दाब वाढून फुफ्फुसांत पाणी भरते. ज्या यंत्राने हृदय वाचवायचे, तेच त्याच्यावर भार टाकते. म्हणून डॉक्टर वारंवार इकोकार्डिओग्राफी करून झडप उघडते की नाही हे पाहतात आणि गरज पडल्यास डाव्या कप्प्यातील दाब उतरविण्यासाठी औषधे, फुग्याचा पंप किंवा अन्य उपाय योजतात.

दुसरी गुंतागुंत हृदय सुधारू लागल्यावर उद्भवते. हृदय पुन्हा जोर धरते, पण फुफ्फुसे अजून आजारी असतात. मग प्राणवायू न मिळालेले रक्त हृदयाकडून मेंदूकडे व उजव्या हाताकडे जाते, तर यंत्राचे लालभडक रक्त शरीराच्या खालच्या भागात पोहोचते. पाय गुलाबी आणि ओठ निळसर, असे विचित्र चित्र त्यातून दिसते. यासाठीच ऑक्सिमीटर उजव्या हाताच्या बोटाला लावतात.

अशा रुग्णाला भेटणाऱ्या नातलगांनी आणखी एक गोष्ट जाणून असावी. यंत्राचा प्रवाह सलग असतो, त्यात ठोके नसतात. म्हणून मनगटावर बोटे ठेवल्यास नाडी लागणार नाही, असे होऊ शकते. त्याचा अर्थ रुग्ण गेला, असा नव्हे.

मुदतीवरील व्याज

रक्त प्लास्टिकला स्पर्शले की गोठू लागते. म्हणून ते पातळ ठेवण्याचे औषध अखंड द्यावे लागते. औषध कमी पडले तर गुठळी, अधिक झाले तर रक्तस्राव. मेंदूतील रक्तस्राव ही सर्वांत भयावह गुंतागुंत. मांडीच्या धमनीतील नळीमुळे पायाचा रक्तपुरवठा घटू शकतो, म्हणून पायासाठी वेगळी छोटी नळी घालतात. जंतुसंसर्ग, रक्तपेशी फुटणे, मूत्रपिंडे मंदावून डायलिसिसची गरज पडणे हेही घडते. रक्त व रक्तघटक वारंवार द्यावे लागतात. कुटुंबाला रक्तदात्यांची जमवाजमव करावी लागते.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने एक बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. रक्त पातळ ठेवण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे हेपॅरिन हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळविले जाते. एक्मोपुरतेच नव्हे, तर डायलिसिस व बायपासमध्येही तेच वापरतात. बायव्हॅलिरुडिन नावाचे, प्रयोगशाळेत तयार होणारे औषध काही रुग्णांत पर्याय ठरू शकते. पण ते महाग आहे आणि प्रत्येक रुग्णास योग्य असतेच असे नाही. या विषयी ज्या कुटुंबाच्या भावना तीव्र असतील त्यांनी डॉक्टरांना आरंभीच मोकळेपणाने विचारावे. मध्येच उपचार अडविणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

पुराव्यांचा ताळेबंद

एक्मोचा आजवरचा इतिहास सरळ चढणीचा नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पहिल्या मोठ्या चाचणीत ९० रुग्ण होते. एक्मो मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत जेमतेम १० टक्के वाचले. त्या वेळी यंत्र लावूनही व्हेंटिलेटरचा मोठा दाब तसाच चालू ठेवला जाई. फुफ्फुसांना विश्रांती मिळतच नव्हती. २००९ साली ब्रिटनमधील १८० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एक्मो केंद्रात पाठविलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाविना जिवंत होते. इतरांत हे प्रमाण ४७ टक्के होते. याच वर्षी पुण्यासह जगभर स्वाइन फ्लू पसरला आणि एक्मोचा वापर झपाट्याने वाढला. २०१८ सालच्या, २४९ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ६० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण एक्मो गटात ३५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के आढळले. तथापि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्विवाद ठरला नाही.

हृदयाच्या बाबतीत चित्र अधिक सावध करणारे आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांवर जर्मन डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत, २०२३ साली, ३० दिवसांतील मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच, म्हणजे ४८ ते ४९ टक्के निघाले. रक्तस्राव मात्र एक्मो गटात अधिक होता. तात्पर्य, यंत्र सर्वांना सरसकट लावण्याचे नव्हे. मूळ विकार पालटण्याजोगा आहे, पण शरीर तोवर तग धरणार नाही, अशा निवडक रुग्णांतच ते सार्थकी लागते.

मोंढ्यातील गोळी

अशा पालटणाऱ्या विकारांचे एक उदाहरण धान्याच्या व्यापाराशी थेट निगडित आहे. बीडसारख्या जिल्ह्यांत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांच्या साठ्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. 'सल्फास', 'सेल्फॉस' या नावांनी त्या ओळखल्या जातात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. हा वायू पेशींची प्राणवायू वापरण्याची क्षमताच रोखतो. त्याचा सर्वांत मोठा आघात हृदयाच्या स्नायूवर होतो : रक्तदाब कोसळतो, ठोके अनियमित होतात. यावर उतारा असे औषध उपलब्ध नाही.

परंतु हा आघात कायमचा असतोच असे नाही. विषाचा पहिला तडाखा रुग्णाने सोसला, तर हृदयाचा स्नायू काही दिवसांत पुन्हा सावरू शकतो. लुधियाना येथील दयानंद मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सर्वाधिक धोक्यातील रुग्णांपैकी केवळ नेहमीचे उपचार मिळालेले सुमारे ८७ टक्के दगावले; एक्मो मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. रुग्णसंख्या लहान होती, तरी थकलेल्या हृदयाला काही दिवसांची मुदत मिळाल्यास काय घडू शकते, हे त्यातून दिसते.

पुढे दुकान, मागे वा वर घर आणि शेजारी गोदाम, अशी जुन्या पेठांतील रचना पाहता या गोळ्यांबाबतची यतना हाच पहिला उपचार होय. केंद्र सरकारच्या निर्बंधित कीटकनाशकांत या गोळ्यांचा समावेश आहे. त्यांचा वापर प्रशिक्षित व परवानाधारक माणसांकडूनच व्हावा. फॉस्फिन हवेहून किंचित जड असतो आणि भिंतीच्या फटींतूनही शेजारच्या खोलीत शिरतो. राहत्या घरात वा घराला लागून असलेल्या खोलीत धुरी देऊ नये. लसूण किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, मळमळ, छातीत जडपणा जाणवला, तर सर्वांनी तत्काळ उघड्यावर यावे. बंद गोदामात मदतीसाठी विनासंरक्षण धावू नये. चुकून असो वा निराशेच्या क्षणी, गोळी पोटात गेल्यास पाणी-दूध पाजण्यात किंवा उलटी करविण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचा डबा डॉक्टरांना दाखवावा. घरात कोणी खचलेले दिसल्यास शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. धान्य आधीच कडक उन्हात वाळवून कोरड्या जागी ठेवण्याची आजी-पणजींची रीत कीड निर्माणच होऊ देत नाही. त्यामुळे गोळीची गरज आणि जीवहिंसा दोन्ही घटतात.

अंतर आणि घड्याळ

जिल्ह्यातील रुग्णाला पहिला आधार बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांचा. तेथे रुग्ण स्थिर करणे महत्त्वाचे असते. परंतु एक्मो अनुभवी पथकाचेच काम आहे आणि अशी केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर, पुणे सुमारे अडीचशे. अत्यवस्थ रुग्णाला हा प्रवासही झेपावा लागतो. ब्रिटनच्या चाचणीत, मोठ्या दाबाच्या व्हेंटिलेटरवर ७ दिवसांहून अधिक काळ राहिलेल्या रुग्णांना घेतलेच नव्हते. कारण तोवर फुफ्फुसांची हानी पालटण्यापलीकडे जाते. म्हणून 'आणखी चार दिवस पाहू' असे म्हणण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे : या रुग्णास मोठ्या केंद्रात हलवावे लागेल काय? काही केंद्रांची पथके यंत्र घेऊन रुग्णाकडे येतात, त्याचीही चौकशी करावी.

कुटुंबाने विचारावयाचे प्रश्न मोजके आहेत. मूळ आजार बरा होण्याजोगा आहे का? आधार फुफ्फुसांना हवा की हृदयालाही? हे केंद्र वर्षाकाठी किती रुग्णांना एक्मो लावते? आरंभीचा खर्च किती आणि त्यानंतर दररोजचा किती? आरोग्य विम्यात किंवा शासकीय योजनेत त्यातील किती बसेल? हृदय वा फुफ्फुस सावरलेच नाही, तर प्रत्यारोपणाचा मार्ग खुला आहे का? आणि पुनर्विचार कोणत्या दिवशी करायचा? उत्तरे एका कागदावर लिहून घ्यावीत. रुग्णालयातील धावपळीत आपापसांत मतभेद उद्भवतात, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो. बोलण्यासाठी घरातील एकच व्यक्ती नेमावी.

मुदत संपते तेव्हा

सुधारणा दिसू लागली की यंत्र हळूहळू उतरवितात. फुफ्फुसांच्या प्रकारात ऑक्सिजनेटरमधील वायूचा प्रवाह बंद करून फुफ्फुसे स्वतः निभावतात का ते पाहतात. हृदयाच्या प्रकारात रक्ताचा प्रवाह कमी करीत इकोवर हृदयाचा जोर तपासतात. नळ्या निघाल्या म्हणजे आजार संपला असे मात्र नव्हे. स्नायू गळालेले असतात, चालणे नव्याने शिकावे लागते, झोपेत भीतीची चित्रे दिसतात. काही महिन्यांचा व्यायाम, आहार आणि घरच्यांचा संयम यांतून अनेक जण आपल्या कामावर परततात.

काहींच्या बाबतीत मात्र दिवस सरतात आणि हृदय-फुफ्फुसे परतत नाहीत, किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव होतो. यंत्र त्यानंतरही रक्त फिरवीत राहू शकते, आणि हीच सर्वांत अवघड घडी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि रुग्णाने आधीच लिहून ठेवलेली इच्छा यांना मान्यता दिली. २०२३ साली त्याची कार्यपद्धती सुलभ केली. डॉक्टरांच्या मंडळाच्या संमतीने निष्फळ उपचार थांबविता येतात. यंत्र थांबविणे म्हणजे कुटुंबाने माणसाला सोडून देणे नव्हे. त्याचा जीव आजाराने घेतलेला असतो. तरीही ती सही करणाऱ्या मुलाच्या मनावर वर्षानुवर्षे ओझे राहते. ते ओझे हलके करणे एकाच व्यक्तीला शक्य असते : ज्याच्यासाठी निर्णय घ्यायचा, त्याला. घरातील वडीलधाऱ्यांनी धडधाकट असताना, एखाद्या निवांत संध्याकाळी, आपल्याला काय हवे आणि काय नको हे मुला-सुनांना सांगून ठेवले, शक्य तर लिहून ठेवले, तर रुग्णालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाला एकट्याने ठरवावे लागणार नाही.